बेलखारच्या गादीचा दसरा

राजे कुठे राहतात, असं मी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारलं असतं तर पोरांनी ‘गोष्टीत’ असं उत्तर दिलं असतं आणि मी ते बरोबर धरलं असतं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुटीत मी भिलाईला गेले आणि मला एका राजाचा थोरला मुलगा भेटला. तो क्रेन चालवत होता.

नागपूरहून भिलाई काही फार लांब नाही. तरी आमच्या शाळेतल्या कोणीच ती पाहिली नव्हती. म्हणून परत आल्यावर बायांनी मला मधल्या सुटीत घेरून सगळं सांगायला लावलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की कारखान्याचं मी थोडक्यात उरकते आणि बेलखार या गावावर येऊन रेंगाळते. तेव्हा तेच लिहून काढलं.

भिलाई

माझा थोरला भाऊ किसनदादा दोन वर्षांपूर्वी कारखान्यात लागला. पोलाद वितळवतात त्या शॉपमध्ये तो रिगर आहे. वर क्रेन चालते, तिच्या आकड्याला जड वस्तू अडकवायच्या आणि हाताच्या खुणेनं क्रेनवाल्याला पुढे, मागे, थांब असं सांगायचं, हे त्याचं काम.

सेक्टर एकमध्ये त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. आमच्या नागपुरात मोहल्ल्याला कोणाचं तरी नाव असतं, निदान एखाद्या झाडाचं असतं. इथे सेक्टर, रस्ता, घर, सगळ्याला नुसते आकडे. झाडं तर लावून एकच पावसाळा झाला होता, ती माझ्या कमरेएवढी होती. पण त्या आकड्यांत माणसं मात्र सगळ्या मुलखाची. वहिनीच्या डावीकडे मल्याळी, उजवीकडे पंजाबी, समोर बंगाली. संध्याकाळी सगळ्या बाया दारात बसून आपापल्या हिंदीत बोलतात आणि एकमेकींच्या चुका कोणी काढत नाही. दोन भट्ट्या पेटलेल्या होत्या, तिसरीचं काम चालू होतं. वाळत घातलेल्या धोतरावर तासाभरात लालसर धूळ बसायची. वहिनी ती झटकायची आणि म्हणायची, “हे आमचं कुंकू.”

पावर हाउस म्हणतात त्या बाजारात मी एक रशियन बाई वांगी घेताना पाहिली. भाजीवालीला रशियन येत नव्हतं, बाईला छत्तीसगढी येत नव्हती. भाजीवालीनं एक वांगं तिच्या हातात ठेवलं, तिनं दाबून पाहिलं, मान हलवली, दुसरं घेतलं. कीड कुठे असते हे दोघींनाही ठाऊक होतं. मी उगाचच तिथे पाच मिनिटं उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी दादा ड्यूटीवरून आला तो एका माणसाला घेऊन. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, खाकी कपड्यातला. दादा म्हणाला, “शांता, हे गजराज. वरते हे, खालते मी. माझ्या हाताच्या खुणेवर हे उकळतं लोखंड उचलते.”

गजराज भिंतीला टेकून खाली बसले. मराठी चांगलं बोलत होते. त्यांच्या आईचं माहेर भंडाऱ्याकडचं. त्यांनी खिशातून एक कागद काढून दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच ना भाऊ. ताईलेही ऐकू दे.”

पत्राआधीची हकीकत दादानं सांगितली. आठवडाभरापूर्वी कारखान्याच्या गेटवर लांब कोट घातलेला एक म्हातारा मुनशी येऊन उभा राहिला आणि ‘बेलखारचे युवराज’ कुठे काम करतात म्हणून विचारू लागला. गेटवरचे लोक हसले. शिफ्ट सुटली, हजारो माणसं बाहेर पडू लागली, आणि त्या गर्दीत मुनशीनं गजराजना ओळखून वाकून मुजरा केला. तेव्हापासून शॉपमध्ये कोणी क्रेन हवी असली की ओरडायचं, “महाराज, जरा इकडे या!”

पत्र बेलखारच्या धाकट्या राणीचं होतं. हिंदीत, थोडंसंच. गजराजचे वडील, बेलखारचे राजे, पावसाळ्याच्या तोंडावर वारले. संस्थान विलीन होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. राजाजवळ ना कोर्ट उरलं होतं, ना फौज. पण आजूबाजूच्या गावांची गादीवरची श्रद्धा होती, आणि नवा राजा दसऱ्याला गादीवर बसतो ही रीत चालू होती. राणीनं लिहिलं होतं: ‘गादी तुझी आहे. दसऱ्याला ये आणि बस. तुझी धाकटी आई.’

“यात काय वाईट आहे?” मी विचारलं.

“ताई, धाकट्या आईले स्वतःचा मुलगा आहे,” गजराज म्हणाले. “देवराज. माझा सावत्र भाऊ. मी घर सोडून इथं आलो, त्याच्यानंतर सगळे त्यालेच राजा धरून चालून राहिले. आता त्याची सख्खी आई आपल्या पोराले सोडून मले बोलावते, ते कावून?”

कारण त्यांना ठाऊक होतं, तेही त्यांनी सांगितलं. वडील गेल्यापासून उत्तरेकडचा एक साधू महाराज राजवाड्यात मुक्कामाला होता. त्याचे चेले पिवळा गमछा घालत. गाव शुद्ध करायचं असं त्यांचं म्हणणं. बांगड्या विकणाऱ्या मुसलमानाचं दुकान त्यांनी उठवलं होतं. विहिरीवर पहारा बसवला होता. आणि आता दसऱ्याला गादीसमोर वाजंत्र्यांनी यायचं नाही, असं जाहीर केलं होतं. देवराज त्या महाराजाच्या शब्दाबाहेर नव्हता.

“मले बसायचं नाही,” गजराज म्हणाले, “पण गेलो नाही तर तिथं डोकी फुटतील. किसन, तू चाल माझ्यासंग. ताई, तुम्हीबी चाला. तुम्ही तिथले कोणाचेच नाही. माझ्या बाजूचे लोक मले चढवतील, त्याच्या बाजूचे त्याले. मले एखादा खालून खूण करणारा पाहिजे.”

आमच्या घरात त्यावर तासभर बोलणं झालं. आम्ही दीक्षा घेतलेले लोक. दसऱ्याला पांढरे कपडे घालून नागपुरात जमायचं हा आमचा दसरा. दादाला तीनच दिवसांची रजा मिळाली होती, तीही नागपूरसाठी राखलेली, त्यात हे राजाचं बोलावणं. “एका माणसाला एक मत असलेल्या राज्यात गादीशी आपलं काय काम?” असं मीच म्हणाले. दादा म्हणाला, “गादीशी नाही काम. गजराजशी आहे. माझ्या डोक्यावरून रोज उकळतं पोलाद नेते तो.” मी पिशवी भरायला घेतली. आणि खरं सांगायचं तर मला राजवाडा पाहायचाही होता.

बेलखार

दुर्गहून मोटार, मग बैलगाडी, मग पायी, असे आम्ही दसऱ्याच्या आदल्या दुपारी पोचलो. शेवटच्या नाल्यात माझी एक चप्पल चिखलात रुतली आणि तिचा अंगठा तुटला. दोन्ही चपला हातात घेऊन मी बेलखारच्या राजवाड्यात पाऊल टाकलं.

राजवाडा म्हणजे लांब कौलारू ओसरी, मधोमध दगडी चौथरा, मागे दुमजली घर. दारात लाल फेटा, पिळदार मिशा, कमरेला तलवार असा एक देखणा माणूस उभा होता. मी चपला खाली ठेवून त्याला अदबीनं नमस्कार केला. तो गोंधळून दोन पावलं मागे सरला. तो पहारेकरी होता. गजराजचा भाऊ देवराज ओसरीवर चटई टाकून साध्या पांढऱ्या धोतरात, गळ्यात पिवळा गमछा घालून बसला होता, आणि तो हसला. त्या हसण्यामुळे मला तो पहिल्याच भेटीत आवडला, आणि पुढचं समजून घेणं अवघड झालं.

दोघे भाऊ भेटले ते वाकून, पण एकमेकांच्या अंगाला न लागता.

राणीसाहेबांनी आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीच्या, बारीक, पांढऱ्या लुगड्यातल्या. गजराजनं आमची नावं सांगितली. “कोण लोक?” त्यांनी विचारलं. दादा सरळ म्हणाला, “बौद्ध.” त्यांनी मान हलवली आणि जेवायला बसा म्हणाल्या. आमच्यासमोर पानांच्या पत्रावळी आल्या. आत मांडणीवर पितळेची ताटं तर ओळीनं चकाकत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दादाकडे पाहिलं, तो भात कालवत होता. उठून जावं असं मनात आलं, तेवढ्यात राणीसाहेब आल्या आणि आमच्याच ओळीत तसल्याच पत्रावळीवर बसल्या. राजा वारल्यावर वर्षभर त्या घरात पितळेत जेवत नाहीत, असं नंतर कळलं. माझा राग मी भाताबरोबर गिळला. पण तो आला होता हे इथे लिहून ठेवते, कारण असा राग आपण घरूनच बरोबर नेतो.

जेवण साधं होतं. भात, चेच नावाची पालेभाजी, वाळवलेल्या वड्यांचं आंबट कालवण, वर तांदळाच्या पिठाची गुळाची अईरसा. सकाळी न्याहारीला रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, कांदा आणि मीठ. त्याला बासी म्हणतात. आमच्याकडे शिळी भाकर ताकात कुस्करतो तसं. राजवाड्यात आणि झोपडीत न्याहारी एकच, ही गोष्ट मला नवी होती.

दुपारी देवराज स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसला. मी शिक्षिका आहे हे ऐकून त्याला काही विचारायचं होतं. तो हिंदीत बोलत होता, शब्द जपून वापरत होता.

“बहनजी, तुम्ही धर्म बदललात ना? मग तुम्हाला तरी कळेल. जुनं मोडल्याशिवाय नवं शुद्ध होतं का?”

“आम्ही आमचं सोडलं,” मी म्हणाले. “दुसऱ्याचं दुकान उठवलं नाही.”

तो म्हणाला, “वडील गेले तेव्हा या घरात सगळे आले. अर्धे लोक जमिनीचे कागद पाहायला, अर्धे तमाशा पाहायला. भाऊ एक दिवस राहिला आणि गेला, त्याची ड्यूटी होती. महाराज तेरा दिवस माझ्याजवळ बसले. नुसते बसले. मी रडलो तरी बसले, नाही रडलो तरी बसले. तुम्हीच सांगा, मी कोणाचं ऐकायचं?”

मी म्हणाले, “त्यांनी तुमच्याजवळ बसणं चांगलं होतं. विहिरीजवळ पहारा बसवणं चांगलं नाही.” तो उठून गेला.

महाराजांना मी लांबूनच पाहिलं. धिप्पाड, गोरे, आवाज गोड. ते ओरडत नव्हते. ओरडायचं काम चेले करत होते.

समारूच्या घरी

उन्हं उतरायच्या आत गजराज आम्हाला गावाबाहेरच्या वस्तीत घेऊन गेले. तिथे समारू राहतो. साठीचा, हडकुळा, कानात बाळी. त्याच्या ओट्यावर कढईएवढा नगारा पालथा ठेवलेला होता. त्याला ते लोक निसान म्हणतात. “आवव, बइठव,” म्हणजे या, बसा, असं म्हणून समारूच्या बायकोनं खाट टाकली. समारूची छत्तीसगढी मला अर्धी कळायची, उरलेली अर्धी दादा आमच्या बोलीत सांगायचा.

बेलखारची रीत अशी. नवा राजा चौथऱ्याच्या खाली उभा राहतो. समारूच्या घराण्यातला माणूस पहिला निसान वाजवतो आणि विचारतो, “कोण बसतो?” राजा आपलं नाव सांगतो आणि लोकांना विचारतो, “बसू का?” लोक ‘बस’ म्हणाले की तो पायऱ्या चढतो. निसान वाजला नाही तर बसणारा राजा नाही, नुसता गादीवर बसलेला माणूस.

मला राहवेना. मी म्हणाले, “बाबा, आमच्या विदर्भात आमच्या लोकांनी डफडं टाकून दिलं. दुसऱ्याच्या दारात वाजवायचं आणि खालच्या पायरीवर उभं राहायचं, कशासाठी? ते येऊ नको म्हणतात तर नका जाऊ. बरंच झालं.”

दादाला वाटलं मी जास्त बोलले. समारू मात्र रागावला नाही. त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “तुमचं डफडं तुमीच टाकलं का लोकायनं हिसकावलं?”

“आम्हीच टाकलं.”

“मंग ते बरोबर,” तो म्हणाला. “मलेबी टाकायचं असंल तर मी टाकीन. हे पिवळे गमछेवाले मले टाकाले लावून राहिले, ते मी नाही टाकत.”

इतक्या वर्षांत मी शाळेत, सभेत, घरात या विषयावर बरंच बोलले होते. हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

दसरा

सकाळी आठच्या सुमाराला वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. समारू पाण्याला गेला असताना कोणी तरी निसानाचं कातडं सुरीनं आडवंउभं फाडून ठेवलं होतं. समारूची बायको कपाळाला हात लावून बसली होती. त्या चिरेतून आत हात घालून समारू कातड्याची कडा चाचपत होता, जखम पाहावी तशी.

समारूनं फाटलेला निसान राजवाड्यासमोर आणून ठेवला, आणि बघता बघता आजूबाजूच्या गावचे लोक जमले. जुन्या राजाची माणसं लाठ्या घेऊन आली. पहारेकऱ्यानं तलवार म्यानातून काढली, आणि ती खरंच धारेची आहे हे मला तेव्हा दिसलं. सगळे गजराजभोवती गोळा झाले. “मोठे कुंवर, तुम्ही फक्त हो म्हणा. दहा मिनिटांत यांना नाल्यापार करतो, मग तुम्ही बसा.” पलीकडे चौथऱ्याजवळ पिवळे गमछे एकाला एक लागून उभे होते. त्यांच्याही हातात काठ्या होत्या. मध्ये शंभर पावलांची मोकळी जागा. तिथे एक शेळी चरत होती आणि तिला हाकलायचं कोणाला सुचत नव्हतं.

गजराजनं दादाकडे पाहिलं. मी दादाच्या शेजारीच होते. दादानं हात वर केला, बोटं मिटली आणि मूठ धरून ठेवली. थांब. क्रेनची खूण.

गजराज वाकले आणि फाटलेला निसान त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. लाठीवाल्यांना म्हणाले, “कोणी माझ्या मागे यायचं नाही. फक्त समारू आणि हे दोघं.” आम्ही चौघं ती मोकळी जागा ओलांडून गेलो. पिवळे गमछे बाजूला झाले, का झाले ते मला आजही कळत नाही. बहुधा चौघांच्या हातात काठी नव्हती म्हणून.

देवराज ओसरीवर महाराजांसमोर बसला होता. गजराजनं निसान त्याच्यासमोर ठेवला.

देवराजनं तो पाहिला. त्याचा चेहरा उतरला. “हे कोणी केलं?”

महाराज गोड आवाजात म्हणाले, “हा संकेत आहे, बेटा. साडेअकराला मुहूर्त आहे. आम्ही टिळा लावू. कातड्याचा आवाज हवा कशाला?”

“महाराज, तुम्ही मला सांगितलं होतं, समारूला समजावणार. कोणी केलं हे?”

गमछेवाल्यांतून एक तरुण पुढे आला. मिसरूड फुटलेलं, डोळ्यांत चमक. “मी केलं,” तो अभिमानानं म्हणाला. “धर्मासाठी.”

आता देवराज त्याला मारेल किंवा पाठीशी घालेल, असं मला वाटलं. त्यानं यातलं काही केलं नाही. समारूकडे वळून त्यानं विचारलं, “समारू कका, हे आज नीट होईल का?”

समारू म्हणाला, “घरी एक कमावलेलं कातडं हाय. भिजवाचं, तानाचं, उनात वाळवाचं, मंग पेंढ्याच्या जाळावर शेकाचं. तुमचा मुहूर्त निंघून जाईन.”

“जाऊ दे,” देवराज म्हणाला. आणि त्या तरुणाला म्हणाला, “तू बस त्यांच्याजवळ. सांगतील ते काम कर.”

“नाही,” समारू म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “हा हात नाही लावाचा माह्या निसानाले.”

देवराजनं गळ्यातला पिवळा गमछा काढला, घडी करून महाराजांच्या पायाशी ठेवला, धोतर खोचलं, निसान खाली अंगणात आणला आणि स्वतः त्यापाशी बसला. समोरच्या बाजूला गजराज बसले.

पुढचे तीन-चार तास बेलखारात दुसरं काही झालं नाही. ओलं कातडं निसानाच्या तोंडावर घालून खालून चामड्याच्या वादीनं ते ताणायचं असतं. एका बाजूनं एकानं ओढायचं, समोरून दुसऱ्यानं, ताण सारखा राहिला पाहिजे. समारू दोघांना मजुरासारखा हाकत होता. “ढिलं नोको सोडू. छोटे, तू जास्त ओढून राहिला. मोठे, तू झोपला का?” लाठीवाले एकेक करून जवळ आले आणि उकिडवे बसून पाहू लागले. गमछेवालेही आले. लोक हळूहळू सल्ले देऊ लागले, आणि सल्ले देणाऱ्या दोन माणसांना भांडायला सवड नसते. मध्ये एकदा वादी सटकली, दोघे भाऊ मागच्या मागे पडले आणि एकमेकांकडे पाहून हसले. मग लगेच गंभीर झाले, कारण वर ओसरीत राणीसाहेब उभ्या होत्या.

साडेअकरा वाजले. महाराज चौथऱ्याजवळ जाऊन उभे राहिले. देवराजनं मान वर केली, त्यांना हात जोडले आणि पुन्हा वादी धरली. “मुहूर्त चुकवून घेतलेली गादी वर्षभरसुद्धा टिकत नाही,” असं मोठ्यानं बोलून महाराज आपल्या मोटारीत बसले. तो निसान फाडणारा तरुण आणि आणखी बरेच जण मोटारीमागे चालत गेले. सगळे नाही गेले. काहींनी गमछा डोक्याला बांधला, ऊन लागत होतं म्हणून.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बांगडीवाल्याचं दुकान तेव्हा बंदच होतं. जाताना कोणी तरी वस्तीतल्या एका छपरावर दगड टाकून गेलं.

कातडं उन्हात वाळल्यावर, चारच्या सुमाराला, समारूनं निसान जाळावर शेकला, बोटानं वाजवून कान लावला, गळ्यात अडकवला आणि चौथऱ्यासमोर आला. पहिला घाव पडला तो मला छातीत जाणवला. डफड्याचा आवाज मी लहानपणापासून टाळत आले आहे. त्या दिवशी मी कान झाकले नाहीत.

“कोण बसतो?” समारूनं विचारलं.

दोघे भाऊ शेजारी उभे होते, कोपरापर्यंत चामड्याच्या ओल्या वासानं भरलेले. राणीसाहेबांची नजर गजराजवर होती. लाठीवाल्यांचीही होती. गजराज एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, “देवराज बसतो.”

राणीसाहेबांनी डोळे मिटले. देवराजनं भावाकडे पाहिलं. मग लोकांकडे वळला. त्यानं विचारलं, “बसू का?”

मागून एक म्हातारी ओरडली, “बइठ, बेटा!” आणि मग सगळे.

परतताना

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीसाहेबांनी मला नव्या चपलांचा जोड दिला. त्या एक नंबर मोठ्या होत्या. मी विचारलं, “तुमच्या मुलालाच गादी मिळाली, तुम्हाला आनंद झाला?” त्या म्हणाल्या, “काल तो मुंडाशावर टिळ्याच्या अक्षता तशाच घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.” एवढंच.

बैलगाडीपाशी समारू उभा होता. त्याला दादाशी काम होतं. भिलाईत भरतीसाठी नाव कुठे लावतात, त्याला विचारायचं होतं. त्याचे दोन मुलगे आणि पुतण्या, तिघांचं नाव लावायचं होतं.

“मग निसान?” मी विचारलं.

“ते निसान नाही शिकले. मी शिकवलंच नाही,” तो म्हणाला. “हा शेवटला राजा. याच्यानंतर वाजवनारा नाही.” आणि तो वस्तीकडे चालायला लागला. म्हणजे आपलं डफडं त्यानं केव्हाच आपल्या हातानं खाली ठेवलं होतं आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

मोटारीत मी गजराजना विचारलंच. “गादी तुमची होती. लोक तुमचे होते. सोडली का?”

ते खिडकीबाहेर पाहत होते. धान पोटरीला आलं होतं. “ताई, मी बसलो असतो तर त्या महाराजाले हाकललं असतं. पण भाऊ त्याच्याच मोटारीत बसून गेला असता. तेरा दिवस मी त्याच्याजवळ बसलो नाही. काल चार तास बसलो. तेवढंच फेडलं.”

मग मी त्यांना समारू काय म्हणाला ते सांगितलं. मला वाटलं ते हसतील, नाहीतर वाईट वाटून घेतील. दुर्गचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, “देवराजले कळवाले पाहिजे.” आणि लगेच मान हलवली.

“नाही, राहू द्या. बसू द्या त्याले निवांत.”